लक्ष्मणराव किर्लोस्कर : लोखंडाच्या छोट्या कारखान्यातून शिकायचा धडा



दरवर्षी 20 जून ही तारीख येते आणि जाते. शाळा नुकतीच उघडलेली असते, पुस्तकवाटप, गणवेश, दाखले या गडबडीत आपल्याला श्वास घ्यायलाही वेळ नसतो. त्यामुळे या दिवशी लक्ष्मणराव किर्लोस्कर यांची जयंती असते हे बहुतेकांच्या लक्षात राहत नाही. नाव माहीत असतं, शेतातल्या पंपावर वाचलेलं असतं. पण त्या नावामागचा माणूस मुलांना सांगायचा राहून जातो.

आपल्या सेलूसारख्या गावात तर हे चरित्र मुद्दाम सांगायला हवं. आपल्याकडे रस्त्याच्या कडेला फॅब्रिकेशनची कितीतरी दुकानं आहेत. गेट, ग्रिल, कूलरचे स्टँड, ट्रॉली, पत्र्याचे शेड, लोखंडी तिफण आणि कोळपं बनवणारी ही मंडळी. त्यांची मुलं आपल्याच वर्गात बसतात. वडिलांचा व्यवसाय विचारला की ही मुलं हळू आवाजात मजुरी असं सांगतात. खरं तर ज्यांचे वडील नुसतं माप घेऊन डोक्यात अख्खं गेट उभं करतात, त्यांनी मान वर करून सांगावं असं ते काम आहे. लक्ष्मणरावांनीही असल्याच एका छोट्या शेडमधून सुरुवात केली होती.

आज कारखानदारीत 'लीन' नावाच्या पद्धतीची खूप चर्चा असते. आपल्या मराठीत लीन म्हणजे नम्र किंवा तल्लीन. हा लीन शब्द इंग्रजी आहे, त्याचा अर्थ सडपातळ, अंगावर फालतू चरबी नसलेला. कामातली फालतू चरबी, म्हणजे वाया जाणारा माल, वेळ आणि श्रम काढून टाकायचे, ही ती पद्धत. ती समजून घ्यायला लक्ष्मणरावांचं आयुष्य फार उपयोगी पडतं. म्हणून आज दोन्ही गोष्टी एकत्र घेऊ या.

जन्म आणि शिक्षण

लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म 20 जून 1869 रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर या गावी झाला. हा भाग आज कर्नाटकात आहे. वडील काशिनाथपंत वेदान्ताचे अभ्यासक. घरात पोथ्या-ग्रंथांचं वातावरण. पण लक्ष्मणचं लक्ष शाळेच्या पुस्तकात फारसं रमत नव्हतं. त्याला दोनच गोष्टींची ओढ, चित्रं काढणं आणि यंत्रं.

1885 च्या सुमारास तो भावाच्या मदतीने मुंबईला आला आणि जे. जे. कलाशाळेत दाखल झाला. चित्रकार व्हायचं ठरलं होतं. पण तिथे एक अडचण पुढे आली. त्याला काही रंगांमधला फरकच कळत नव्हता. ज्याला आपण रंगांधळेपणा म्हणतो, तो दोष त्याच्या डोळ्यांत होता. रंग ओळखता येत नसतील तर चित्रकार कसं होणार? एखादा मुलगा इथेच खचून गावी परतला असता.

लक्ष्मणने रंग सोडले, पण रेषा सोडल्या नाहीत. यंत्रांची रेखाचित्रं काढायला रंग लागत नाहीत. तिथे लागते अचूक रेघ आणि अचूक माप. तो यांत्रिक रेखाकला शिकला आणि पुढे मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आजच्या व्ही.जे.टी.आय.मध्ये, तोच विषय शिकवू लागला. म्हणजे बघा, हा मोठा कारखानदार आधी आपल्यासारखाच शिक्षक होता! शिकवून झाल्यावर तो संस्थेच्या कर्मशाळेत जायचा आणि यंत्रांची हाताने माहिती करून घ्यायचा. परदेशी यंत्रविषयक मासिकंही वाचायचा.

वर्गातला एखादा मुलगा एका विषयात कच्चा निघाला की आपण पटकन शेरा मारतो. त्याच्या हातात दुसरं काय आहे हे बघायचं राहून जातं. पालकांनी तर हा प्रसंग जरूर लक्षात ठेवावा.

नोकरी सोडली, सायकली विकल्या

मुंबईत नोकरी चालू असतानाच लक्ष्मणरावांनी सायकलींच्या धंद्यात हात घातला. ते मुंबईतून सायकली घेऊन बेळगावला पाठवायचे आणि तिथे त्यांचे भाऊ रामूअण्णा त्या विकायचे. दुकानाचं नाव किर्लोस्कर ब्रदर्स. 1888 हे साल किर्लोस्कर उद्योगसमूह आपल्या सुरुवातीचं साल मानतो. त्या काळात सायकल ही मोठी नवलाईची चीज होती. ती चालवायलाही शिकवावी लागत असे.

पुढे संस्थेत बढतीची वेळ आली तेव्हा लक्ष्मणरावांना डावलून एका अँग्लो-इंडियन माणसाला जागा दिली गेली. इंग्रजी राज्यात हे नेहमीचंच होतं. लक्ष्मणरावांनी मात्र ते गिळलं नाही. त्यांनी पगाराची नोकरी सोडली आणि बेळगावला येऊन भावाबरोबर पूर्ण वेळ काम सुरू केलं. तिथे एक छोटी कर्मशाळा उभी राहिली.

कडबा कापायचं यंत्र

या कर्मशाळेत सुरुवातीला जी यंत्रं झाली त्यातलं एक म्हणजे कडबा कापायचं यंत्र. आपल्याकडच्या मुलांना हे समजावून सांगायची गरज नाही. ज्वारीचा अख्खा कडबा जनावरापुढे टाकला तर ते पाला-पाला खातं आणि जाड धांडे तुडवून टाकतं. तोच कडबा बारीक करून घातला तर बराचसा खाल्ला जातो. म्हणजे हे यंत्रच मुळी नासाडी वाचवणारं होतं.

त्यांनी यंत्र करण्याआधी शेतकऱ्याचं नेमकं कुठे वाया जातंय हे पाहिलं होतं. लीन पद्धतीतला पहिला प्रश्न हाच असतो. आपण बनवतो त्यातलं गिऱ्हाईकाच्या उपयोगाचं काय? त्याला ज्याची किंमत आहे तेवढंच खरं काम, बाकीचा खर्च.

लोखंडी नांगर : दोन वर्षांची परीक्षा

1903 साली लक्ष्मणरावांनी लोखंडी नांगर तयार केला. तोपर्यंत आपला शेतकरी लाकडी नांगर वापरत होता. लाकडी नांगर जमीन उकरतो, पण माती नीट पलटत नाही. लोखंडी नांगर मातीचा थर उचलून पालथा करतो, त्यामुळे तण मुळासकट गाडलं जातं. काळ्या, चिकट जमिनीत याचा फायदा किती, हे परभणी जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला विचारा.

पण नांगर कुणी घेईना. लोखंडामुळे जमीन विषारी होईल, नापीक होईल अशी शेतकऱ्यांची समजूत होती. आज हसू येतं, पण जरा त्यांच्या जागी उभं राहून बघा. ज्याचं सगळं घर एका जमिनीवर चालतं, तो माणूस कुणाच्या तरी शब्दावर ती जमीन पणाला कशी लावील? पहिला नांगर विकला जायला दोन वर्षं लागली.

ही दोन वर्षं फार महत्त्वाची आहेत. छोट्या कारखान्यात माल पडून राहिला की पैसा अडकतो. लोखंडाचे पैसे गेलेले, मजुरी गेलेली, आणि वस्तू कोपऱ्यात उभी. आपल्या भागातला कोणताही फॅब्रिकेशनवाला हे दुखणं ओळखेल. उन्हाळ्याआधी पन्नास कूलर स्टँड एकाच मापाचे करून ठेवले आणि गिऱ्हाईक दुसरंच माप मागायला लागलं, की तो साठा डोळ्यांत खुपतो. लीन पद्धत अशा पडून असलेल्या मालाला संपत्ती म्हणत नाही, नासाडी म्हणते.

मग लक्ष्मणराव चुकले का? तसं म्हणता येणार नाही. अगदी नवी वस्तू आणताना कुणीतरी ही जोखीम घ्यावीच लागते. ते टिकले, कारण त्यांनी एकट्या नांगरावर सगळा भार टाकला नव्हता. आणि विश्वास बसायला वेळ लागतो हे त्यांनी मान्य केलं. एकदा शेतकऱ्यांना गुण पटला, तसा हा नांगर गावोगाव गेला.

बेळगाव सुटलं, माळरान मिळालं

धंदा जरा मार्गी लागत होता तोच 1910 साली नवं संकट आलं. बेळगाव नगरपालिकेमुळे कारखान्याची जागा सोडायची वेळ आली. चालता कारखाना उचलून न्यायचा कुठे? यंत्रं, माणसं, त्यांची कुटुंबं, सगळाच प्रश्न.

तेव्हा औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीला धावले. सूर्यनमस्काराचा प्रसार करणारे राजे म्हणून आपण त्यांना ओळखतो. त्यांची आणि लक्ष्मणरावांची आधीपासून ओळख होती. त्यांनी कुंडल रोड रेल्वे स्टेशनजवळची 32 एकर जागा दिली आणि बिनव्याजी कर्जही दिलं. जागा कशी होती? निवडुंग माजलेलं उजाड माळरान आणि जागोजागी नाग. मार्च 1910 मध्ये लक्ष्मणराव सुमारे पंचवीस कामगार आणि त्यांच्या कुटुंबांसह तिथे आले. हीच आजची सांगली जिल्ह्यातली किर्लोस्करवाडी. स्टेशनचं नावही पुढे बदलून किर्लोस्करवाडी झालं.

जागा निवडताना रेल्वे जवळ होती हे मुलांच्या नजरेस आणून द्या. कच्चं लोखंड आणायचं आणि तयार नांगर पाठवायचे, तर वाहतूक सोपी हवी. सेलूची मुलं रेल्वे स्टेशनच्या गावची आहेत, त्यांना हे लगेच कळेल.

माणसांवरचा विश्वास

कामगारांनी कारखान्याजवळ चांगल्या घरांत राहावं, त्यांच्या मुलांना शाळा मिळावी, अशी वसाहत करायची हे लक्ष्मणरावांच्या मनात होतं. परदेशातल्या अशा वसाहतींबद्दल त्यांनी वाचलं होतं. किर्लोस्करवाडी ही आपल्या देशातल्या अगदी सुरुवातीच्या औद्योगिक वसाहतींपैकी एक.

तिथे त्यांनी अस्पृश्यता पाळायला बंदी केली. 1910 च्या आसपासच्या खेड्यात हे पाऊल किती मोठं होतं, याची कल्पना करा. दरोड्याच्या गुन्ह्यात शिक्षा भोगून आलेल्या माणसांना त्यांनी रात्रीचे पहारेकरी नेमलं आणि कारखाना त्यांच्या भरवशावर सोडला.

सोबतची माणसंही अशीच निवडलेली. शंभुराव जांभेकर, मंगेशराव रेगे, अनंतराव फळणीकर यांची नावं किर्लोस्करवाडीच्या सुरुवातीच्या इतिहासात नेहमी येतात. मोठमोठ्या पदव्यांपेक्षा कामाची आवड आणि हातातलं कसब लक्ष्मणराव बघायचे.

लीन पद्धतीबद्दल बोलताना लोक यंत्रं आणि तक्ते यांच्याबद्दलच बोलतात. पण ज्याच्या हातात हातोडी आहे, त्यालाच कुठे काय वाया जातंय हे आधी कळतं. त्याला बोलायची मोकळीक नसेल तर भिंतीवर कितीही तक्ते लावा, काही उपयोग नाही.

युद्ध, टंचाई आणि वाढ

पहिलं महायुद्ध सुरू झालं आणि लोखंड, कोळसा, रंग अशा सगळ्याच मालाची टंचाई झाली. दुसरीकडे परदेशी नांगर येणं कमी झालं, त्यामुळे देशी नांगराला मागणी वाढली. माल कमी आणि मागणी जास्त, अशा वेळी हाताशी आहे ते जपून वापरणं हाच मार्ग उरतो.

1920 साली किर्लोस्कर ब्रदर्स ही लिमिटेड कंपनी झाली. त्याच वर्षी शंकरराव किर्लोस्करांनी 'किर्लोस्कर खबर' हे मासिक सुरू केलं. कारखान्याची माहिती गिऱ्हाईकांपर्यंत पोहोचवायला निघालेलं ते पत्र पुढे महाराष्ट्राच्या घराघरातलं 'किर्लोस्कर' मासिक झालं. लक्ष्मणरावांचे चिरंजीव शंतनुराव अमेरिकेत एम.आय.टी.त अभियांत्रिकी शिकून 1926 साली परत आले. नांगरापाठोपाठ उसाचे चरक, शेंगा फोडायची यंत्रं, पंप अशी मालिका वाढत गेली. पुढे इंजिनं, विजेच्या मोटारी यांचे वेगळे कारखाने निघाले.

26 सप्टेंबर 1956 रोजी लक्ष्मणरावांचं निधन झालं. 1969 साली त्यांच्या जन्मशताब्दीला भारत सरकारने त्यांचं टपाल तिकीट काढलं.

तिकडे जपानमध्ये

आता गंमत बघा. लक्ष्मणरावांच्या जन्माच्या दोनच वर्षं आधी, 1867 साली, जपानमध्ये एका सुताराच्या घरी साकिची टोयोडा यांचा जन्म झाला. त्यांनी हातमाग सुधारत सुधारत असा माग तयार केला, की धागा तुटला की तो आपोआप थांबायचा. त्यामुळे खराब कापड पुढे विणलंच जात नसे. त्यांच्याच मुलाने पुढे टोयोटा ही मोटार कंपनी काढली. तिथे ताइची ओनो या अभियंत्याने वाया जाण्याचे सात प्रकार सांगितले. या पद्धतीला 'लीन' हे नाव अमेरिकेत 1988 साली मिळालं.

लक्ष्मणरावांनी हा शब्द कधीच ऐकला नव्हता. त्यांचा कारखाना टोयोटासारखा चालायचा असंही म्हणता येणार नाही. पण एकाने धागा पाहिला, एकाने कडबा. छोट्या जागेत, कमी पैशात, समोरची नासाडी बघून सुरुवात करता येते हे दोघांच्याही आयुष्यात दिसतं.

आपल्या गावातल्या दुकानात हे कसं दिसतं?

ओनो यांचे सात प्रकार आपल्या भाषेत असे :

1. मागणीपेक्षा जास्त बनवणं.
2. थांबून राहणं. लाईट नाही, पाईप आला नाही, गिऱ्हाईकाने माप सांगितलं नाही.
3. मालाची उगीच ने-आण. पाईप दारात, कटिंग मशीन मागच्या कोपऱ्यात.
4. नको तिथे जास्तीचं काम. भिंतीत जाणारी बाजूही घासून गुळगुळीत करणं.
5. पडून असलेला साठा.
6. माणसाची उगीच हालचाल. टेप कुठे, गुण्या कुठे, खडू कुठे, असं शोधत फिरणं.
7. चुका आणि पुन्हा करावं लागणारं काम.

यातल्या बऱ्याच गोष्टींना नवं यंत्र लागत नाही. भिंतीवर प्रत्येक अवजाराची आकृती रंगवून तिथेच ते अडकवलं, तर गुण्या हरवला की लगेच कळतं. आपण वर्गात खडू-डस्टरची जागा ठरवतो, तसंच हे. यालाही जपानी पाच पायऱ्या आहेत : नको ते काढा, हवं ते जागेवर मांडा, स्वच्छ करा, तीच पद्धत ठेवा, सवय लावा.

वर्गात घ्यायचे दोन उपक्रम

पहिला उपक्रम गणिताचा. समजा, लोखंडी पाईप 600 सेंमी लांबीचा आहे. एका गेटच्या चौकटीला 175 सेंमीचे दोन आणि 120 सेंमीचे दोन तुकडे लागतात. तीन गेट करायचे आहेत. किती पाईप लागतील?

मुलं बहुधा आधी सगळे 175 चे तुकडे कापतील. एका पाईपात तीन बसतात, 75 सेंमी उरतो. सहा तुकड्यांना दोन पाईप गेले. मग 120 चे सहा तुकडे. एका पाईपात जास्तीत जास्त पाच, तेही कापताना पात्याच्या जाडीएवढं लोखंड जातं म्हणून खरे चारच. म्हणजे आणखी दोन पाईप. एकूण चार.

आता दुसरी रीत. एकाच पाईपातून 175 चे दोन आणि 120 चे दोन. 350 अधिक 240 म्हणजे 590. उरले 10 सेंमी, त्यातच कापण्याची झीजही निघाली. एका गेटला एक पाईप, तीन गेटला तीन. अख्खा एक पाईप वाचला, तोही फक्त कागदावर दोन मिनिटं विचार करून! मुलांना हा फरक स्वतः शोधू द्या, आधी सांगू नका. सुतळीचे किंवा कागदी पट्ट्यांचे तुकडे वापरले तर चौथीची मुलंही करतात.

दुसरा उपक्रम आकृतीचा. वेल्डिंग करणारे कारागीर आधी चार कोपऱ्यांना फक्त छोटे टाके मारतात. मग दोन्ही कर्ण मोजतात. दोन्ही सारखे आले तरच पक्कं वेल्डिंग. वरच्या चौकटीचा कर्ण साधारण 212 सेंमी यायला हवा. एक 210 आणि दुसरा 214 आला, तर चौकट तिरकी आहे. टाक्यावर असतानाच ती हातोडीने सरळ होते. पक्कं जोडल्यावर कापावी लागते. टोयोडांचा माग धागा तुटताच थांबायचा, तसंच हे आहे. झाडूच्या काड्यांची चौकट दोऱ्याने बांधा, थोडी तिरकी करा आणि दोन्ही कर्ण मोजायला लावा. आयताचे कर्ण समान असतात हा नियम मुलं विसरणार नाहीत.

शक्य असेल तर हा उपक्रम घ्यायला वर्गातल्याच एखाद्या कारागीर पालकांना बोलवा. टेप आणि गुण्या घेऊन त्यांना अर्धा तास मुलांपुढे उभं राहू द्या. आणि त्या दिवशी लक्ष्मणरावांची गोष्ट त्यांच्या समोरच सांगा. आपले वडील काय काम करतात, हे त्या मुलाला पुढच्या वेळी सांगायला सोपं जाईल.

मुलांना विचारायचे प्रश्न

1. लक्ष्मणरावांना चित्रकार का होता आलं नाही? मग त्यांनी काय केलं?
2. शेतकऱ्यांनी लोखंडी नांगर सुरुवातीला का घेतला नाही? तुम्ही त्यांच्या जागी असता तर काय केलं असतं?
3. कारखान्यासाठी रेल्वेजवळची जागा का सोयीची ठरली?
4. तुमच्या घरात, शेतात किंवा दुकानात वाया जाणारी एक गोष्ट शोधा. ती वाचवायचा एक उपाय लिहा.

चौथ्या प्रश्नाची उत्तरं मुलांनी घरी विचारून लिहायची आहेत. पालकांनी त्यासाठी दहा मिनिटं द्यावीत, ही विनंती.